कागदावरची बहीण

हायॅट्सव्हिल, मेरीलँड
२ सप्टेंबर २०१८

आई,

हे पत्र हातात पडेल तोवर तुझ्या गुडघ्याची सूज आणि माझ्यावरचा राग, दोन्ही थोडे उतरलेले असोत. गुडघ्यासाठी मलम पाठवते आहे. रागावर इथे काही मिळत नाही.

आधी महत्त्वाचं. नोएमी सुखरूप आहे. नदी ओलांडल्यावर टेक्ससमध्ये तिला पकडलं. पकडलं म्हणजे काय, ती स्वतःच सरकारी गाडीपाशी चालत गेली. एकटी आलेली सगळी पोरं तसंच करतात. आता ती मुलींच्या निवाऱ्यात आहे. आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं फोन करू देतात. काल म्हणाली, "मार्लेनी, इथली अंडी पिवळ्या पावडरीची असतात. आईला सांग, तिची कोंबडी यांना दाखवायला हवी." आई म्हणजे तू. मी मार्लेनीच.

तू माझा फोन घेत नाहीस म्हणून, दर दोन-तीन आठवड्यांनी लोकांचं सामान घेऊन गावी ये-जा करणाऱ्या फिदेलियामावशीच्या हाती चिठ्ठी देते आहे. तिला म्हटलं, येताना आईचं उत्तर आणशील ना? "चीज तर आणतेच," ती म्हणाली. "तुझी आई लिहिणार नाही, पण बोलेल भरपूर. शब्दन्‌शब्द आणीन, काळजी करू नकोस."

इथला कायदा असा आहे. आपल्या एल साल्वादोरमधून एकटं आलेलं मूल असेल तर त्याला लगेच परत पाठवत नाहीत. निवाऱ्यात ठेवतात, त्याचे आईबाप इथे आहेत का ते शोधतात, आणि सापडले तर त्यांच्या हवाली करतात. परत पाठवायचं की नाही ते पुढे न्यायाधीश बघतो, त्याला वर्षं लागतात. मात्र हे सगळं अठरा वर्षं पुरी होईपर्यंत. अठरा झाली की ते मूल राहत नाही.

म्हणून मी अर्ज भरला. मुलीशी नातं, या रकान्यात लिहिलं, आई.

तू विचारशील म्हणून सांगते, ती निघाली हे मला ठाऊक नव्हतं. तिचा फोन आला तेव्हा ती ग्वाटेमालात पोचली होती.

मार्लेनी

---

२३ सप्टेंबर २०१८

आई,

निरोप मिळाला. फिदेलियामावशीने आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून, कमरेवर हात ठेवून, तुझ्यासारखी हनुवटी वर करून तो म्हणून दाखवला. "माझी मुलगी चोरीला गेली आहे. चोराशी मी बोलत नाही." मग हात खाली घेऊन म्हणाली, "आणि हे चीज घे. हे चोरासाठी नाही, असं म्हणाली, पण दुसऱ्या कोणाचं नावही नाही सांगितलं." चीज मी खाल्लं.

आता इथली गोष्ट. निवाऱ्यातल्या मिस अबिगेलचा फोन आला. नोएमीचा कारभार तिच्याकडे आहे. आवाजाने तरुण, बोलायला नीट.

"तुम्ही अर्जात आई लिहिलंय," ती म्हणाली.

"हो."

"मुलीच्या पॅंटच्या शिवणीत जन्मदाखला होता. त्यावर आईचं नाव ऑर्बेलिना आहे. तुमच्या दाखल्यावरही आई ऑर्बेलिनाच. म्हणजे तुम्ही बहीण आहात."

"मी आई आहे."

"मग ऑर्बेलिना कोण?"

"तीही आई आहे."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बाईसाहेब, पोरांना कामाला लावायला खोटी नाती सांगून घेऊन जाणारी माणसं असतात. मला ते पाहावं लागतं."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तुला न विचारता. भूकंपाच्या वर्षी आपलं घर पडलं आणि आपण पिवळ्या प्लास्टिकच्या तंबूत राहत होतो. तुझी धाकटी नोएमी तेव्हा तान्ही होती. ऑगस्टमध्ये जुलाबाने ती गेली आणि नगरपालिकाही प्लास्टिकखालीच चालत होती म्हणून कोणी तिची नोंद केली नाही. पुढच्या जूनमध्ये मला मुलगी झाली. मी पंधराची, बापाचा पत्ता नाही. आणि तू म्हणालीस, "कागद आहेच घरात, नवा कशाला? नाव चांगलं आहे, वापरलंही नाही फारसं." ते तू किती शांतपणे म्हणाली होतीस, माझ्या अजून कानात आहे. मी सातवी नापास पोर, मला काय कळत होतं. मला तर बरंच वाटलं. गावात माझ्या नावाला बट्टा नको, म्हणून तू मेलेल्या लेकीचं नाव माझ्या लेकीला दिलंस.

मिस अबिगेल ऐकत होती. शेवटी एकच विचारलं, "म्हणजे हिचं वय?"

"सोळा. जूनमध्ये पुरी झाली."

"कागदावर ती बावीस डिसेंबरला अठरा होते."

आई, अडचण ही आहे. त्या दिवशी सकाळी तिला मोठ्यांच्या कोठडीत नेतील आणि तिथून थेट साल्वादोरला धाडतील. मी बहीण म्हणून नवा अर्ज भरला तर आधी आई लिहिलंय, म्हणजे खोटारडी. आईच राहिले तर कागद म्हणतो खोटारडी. खरं लिहून माणूस एवढं अडकतं हे माहीत असतं तर निदान विचार करून लिहिलं असतं.

यातून वाट एकच आहे. तू नगरपालिकेत जा. तुझी नोएमी २००१ मध्येच गेली, हे नोंदव. दोन साक्षीदार लागतील. मग माझ्या नोएमीचा नवा दाखला निघेल, खऱ्या तारखेचा. माझ्या सहीचा अधिकारपत्राचा कागद वकिलातीतून करून सोबत पाठवते आहे.

मार्लेनी

---

१४ ऑक्टोबर २०१८

आई,

"नोएमीला मी मारणार नाही." एवढाच निरोप आला. या वेळी मावशीने तुझी नक्कल केली नाही. नुसतं सांगितलं आणि पाणी मागितलं.

मला वाटतं मला कळतं. पण तारीख थांबत नाही.

दातांचा फोटो काढून वय ठरवता येतं का, हेही मी मिस अबिगेलला विचारलं. म्हणाली, कागद नसेल तर दात. कागद असेल तर कागद. तुमच्याकडे दुर्दैवाने फार चांगला कागद आहे, शिक्क्यासकट.

इकडे घर रिकामं होत चाललंय. नवा नियम आला आहे, मूल ज्या घरात जाणार तिथल्या प्रत्येक मोठ्या माणसाच्या बोटांचे ठसे द्यायचे. आमच्या घरात दोन खोल्यांत पाच माणसं. पहिल्यांदा गेले वरच्या खोलीतले दोघे भाऊ, सकाळी कामाला म्हणून गेले ते गादीसकटच. मग डॉन विल्बेर आणि त्याची बायको. तो निदान सांगून गेला. दारात टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मार्लेनी, तुझ्या पोरीला आम्ही पाहिलं नाही तरी आम्हाला ती आवडते. पण आमची बोटं आम्हाला जास्त आवडतात."

"कळतं हो, डॉन विल्बेर."

"रागावलीस?"

"तवा कोणाचा आहे?"

"तवा आमचा."

"मग थोडी रागावले."

तवा ठेवून गेला. चांगला माणूस आहे. पुपुसांच्या दुकानातली सकाळची पाळी मला होतीच, आता दुपारचीही घेतली आहे. दिवसभर मक्याच्या पिठाच्या, चीज भरलेल्या भाकऱ्या थापायच्या. हात चालू असले की डोकं थोडं गप्प बसतं.

माझे ठसे मी दिले. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, नुसती रीत आहे.

तू पुन्हा विचार कर.

मार्लेनी

---

४ नोव्हेंबर २०१८

आई,

परवा पितरांचा दिवस झाला. तू नेहमीसारखी टेकडीवर गेली असशील, कागदी फुलं घेऊन. दरवर्षी त्या लहान क्रुसाला तू निळा रंग द्यायचीस, पण नाव लिहायची नाहीस. मी एकदा विचारलं होतं, का नाही लिहीत? तू म्हणालीस, "नाव शाळेत गेलंय." तेव्हा मी हसले होते.

मी तुझ्याशी खोटं बोलले. ते आधी सांगून टाकते.

नोएमीला मीच बोलावलं. वाटाड्या मी ठरवला, त्याच्याशी मी बोलले, कुठल्या दिवशी कुठल्या बसथांब्यावर उभं राहायचं ते मी तिला सांगितलं, आणि "आईला कळू देऊ नकोस" हेही मीच म्हणाले. तिला विचार करायलाही मी वेळ दिला नाही. वाटाड्या म्हणाला होता, अठराच्या आत आली तर आईकडे पोचवतात, नंतर नाही. कागदावरचा डिसेंबर माझ्या डोळ्यांसमोर होता. बघ, कागद खोटा आहे हे ठाऊक असून मीही त्याच्याच तारखेने धावले.

नोएमीसाठी केलेल्या वकीलबाईंना मी सांगितलं, शाळेच्या कोपऱ्यावर टोळीची पोरं उभी असतात, म्हणून बोलावलं. ती असतातच. पण तुला खरं सांगते. मला ती हवी होती. अकरा वर्षं मी तिचे बूट पाठवले आणि दरवेळी तिच्या पायाचं माप तुला विचारलं. मी कोण ते कळल्यावरही फोनवर ती "आईला देते" म्हणून तुझ्याकडे फोन द्यायची आणि मी इकडे हसून "दे" म्हणायचे. तुला कधी सांगितलं नाही, पण त्यानंतर मला जेवण जात नसे. तू तिला चांगलं वाढवलंस, एक शब्द वावगा नाही. म्हणूनच मला तुझा हेवा वाटत होता. आईचा हेवा वाटणं किती वाईट, ते मला सांगू नकोस, मी पाद्रींना सांगून झालंय.

ठशांचंही खोटं सांगितलं. ते ठसे आता आमच्यासारख्या बिनपरवाना परदेशी लोकांना पकडणाऱ्या खात्याकडेही जातात. मूल न्यायला पुढे आलेल्या आईबापांनाच घरी येऊन उचललं, असं रेडिओवर सांगतात. म्हणून घर रिकामं झालं. मला हे ठसे देतानाच माहीत होतं. दिले. तुला मी हे पापक्षालन म्हणून सांगत नाही. मी काय मागते आहे आणि काय देऊन मागते आहे, ते तुला कळावं एवढंच.

मंगळवारी नोएमीचा फोन आला. आवाज बारीक झालाय.

"मार्लेनी, माझ्या खोलीत होंडुरासची एक मुलगी होती. काल तिचा अठरावा वाढदिवस होता."

"मग?"

"सकाळी नाश्त्याला तिला केक दिला. आम्ही गाणं म्हटलं. मग दोन माणसं आली. तिच्या हातात बेड्या घालून घेऊन गेली. केक अर्धाच खाल्ला होता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तिला मिठी मारायची होती मला," ती म्हणाली. "पण इथे मिठी मारायची नाही असा नियम आहे." मग म्हणाली, "मार्लेनी, मी सोळाची आहे हे आईने सांगितलं तर ऐकतील ना?"

"ऐकतील."

"मग आई का सांगत नाही?"

दहा मिनिटं संपली. उत्तर द्यावं लागलं नाही, त्याचं मला बरं वाटलं.

आई, तुझ्या नोएमीला तू मारणार नाहीस, हे मला मान्य आहे. तिला कोणी मारलं नाही. सात महिने तू तिला प्लास्टिकच्या उकाड्यात मांडीवरून खाली ठेवलं नव्हतंस, मी पाहिलंय. पण ही नोएमी जिवंत आहे, आणि तिच्या नावावर जी तारीख आहे ती तिची नाही. मी तुझी माफी मागत नाही, ती नंतर मागेन, समोर येऊन, येता आलं तर. आता फक्त नगरपालिकेत जा.

मार्लेनी

---

९ डिसेंबर २०१८

आई,

कागद पोचले. दोन्ही.

फिदेलियामावशी विमानतळावरून थेट दुकानात आली, बॅगेसकट. मी तव्यापाशी होते. तिने कागद माझ्या हातात दिले नाहीत, म्हणाली, "आधी हात धू, शिक्का पिठाने भरेल." मग तिथेच खुर्चीत बसून सगळं सांगितलं. साक्षीदार म्हणून तीच आणि म्हातारी सुईण तुझ्याबरोबर आल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

म्हणाली, तू रविवारचा झगा घातला होतास, वार गुरुवार असून. नोंदीचा कारकून तरुण पोरगा. तू खुर्चीत बसलीस आणि म्हणालीस, "मुलीचा मृत्यू नोंदवायचाय."

"कधी झाला, आजी?"

"सतरा ऑगस्ट. शुक्रवार."

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "सतरा ऑगस्टला शुक्रवारच होता. पण नोंद करायला उशीर झाला की, साडेतीन महिने."

"हा ऑगस्ट नाही. दोन हजार एकचा."

पोराने पेन खाली ठेवलं. म्हणाला, "सतरा वर्षं? एवढा उशीर का?"

"मला घाई नव्हती," तू म्हणालीस.

मावशी म्हणाली, त्यावर कोणाला हसू आलं नाही. मृत्यूचं कारण विचारलं तर तू म्हणालीस, "प्लास्टिक." त्याने मावशीकडे पाहिलं. मावशीने सांगितलं, जुलाब लिही. त्याने लिहिलं. मग तू त्या दाखल्याचं पुढे काय झालं ते सांगितलंस, न अडखळता, आणि विचारलंस, "मला तुरुंगात कधी यायचं? कोंबड्यांची सोय लावावी लागेल."

पोराने म्हणे टेबलाच्या खणातून एक जाड फाईल काढली. "आजी, भूकंपाच्या वर्षाच्या अशा नोएमी या गावात अजून चौदा आहेत. सगळ्यांना तुरुंगात टाकलं तर इथे पाण्याची टाकी कोण भरेल? इथे सही करा."

तू सहीला फार वेळ लावलास. मावशीला वाटलं, तू उठून जाशील. मग तू आपलं पूर्ण नाव लिहिलंस, दोन्ही आडनावांसकट. पुढे सुईण बोलली, माझी नोएमी कधी आणि कोणाच्या पोटी झाली ते. आणि परत येताना तू रंगाच्या दुकानात थांबलीस, हे मावशीने शेवटी सांगितलं. तिच्याही डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. दुकानातल्या गिऱ्हाईकाला वाटलं कांद्याने.

कागद त्याच दुपारी मिस अबिगेलकडे धाडले. ती म्हणाली, तपासायला दिवस लागतील, आश्वासन देत नाही. तपासू दे. आता त्यात खोटं काही नाही.

आई, मला आभार मानता येत नाहीत. आभार फार लहान आहेत.

मार्लेनी

---

२७ जानेवारी २०१९

आई,

बावीस डिसेंबरला मी दिवसभर फोन हातात धरून होते. दुकानदारणीने पीठ मळायलाही लावलं नाही. संध्याकाळी नोएमीचा फोन आला. म्हणाली, सकाळी नाश्त्याला केक नव्हता. दोन माणसं आली होती, पण ती नळ दुरुस्त करायला. तिने दिवसभर त्यांच्यावरून नजर हलवली नव्हती.

आणखी एक गंमत. त्याच आठवड्यात सरकारने घरातल्या सगळ्यांचे ठसे घ्यायचा नियम काढून टाकला. डॉन विल्बेरला कळवलं. म्हणाला, "म्हणजे आम्ही उगाच गेलो? आता इथे भाडं भरून बसलोय!" तवा मागायला मात्र आला नाही.

अकरा जानेवारीला तिला विमानाने पाठवलं. मी दोन तास आधी जाऊन उभी होते. फोटो पाहिले होते तरी चुकीच्या मुलीकडे बघून हसले. खरी नोएमी मागून आली आणि म्हणाली, "मार्लेनी, मी इकडे." माझ्यापेक्षा उंच आहे, हे तू सांगितलं नव्हतंस. मिठी मारली तर ती लाकडासारखी उभी राहिली. नंतर म्हणाली, सवय गेली आहे, रागावू नकोस.

न्यायालयाची तारीख पुढच्या वर्षी आहे. तोवर ती शाळेत जाईल. इथली अंडी खरी असली तरी बेचव आहेत म्हणते. सकाळी उठल्याबरोबर केसांची तूच घातल्यासारखी घट्ट वेणी घालते. तुझी आठवण काढते, रोज. मी ऐकते. आता जेवण जातं मला.

पण ठसे गेले ते गेले. ते परत मिळत नाहीत. म्हणून काल मी तिला बसवून सांगितलं की मी एखाद्या दिवशी कामावरून परत आले नाही तर काय करायचं. फिदेलियामावशीचा नंबर, वकीलबाईंचा नंबर, किल्ली कुठे आहे ते. आई, माझ्या मनात होतं ती रडेल. तुझ्याकडे वाढलेली पोर, ती कशाची रडते. वहीत सगळं उतरवून घेतलं.

मग म्हणाली, "तुला कुठे ठेवलं ते शोधून मी अर्ज भरीन. माझा भरलास तसा."

"लहान मुलांना मोठ्यांसाठी अर्ज भरता येत नाही गं."

"तरी भरीन. नातं काय लिहू?" पेन्सिल वहीवर टेकवून ती खरंच विचारत होती. "खरं लिहू, की त्यांना पटेल असं?"

"आता दोन्ही एकच आहे," मी म्हटलं. "ते एक करायला आई नगरपालिकेत गेली होती."

तिने थोडा विचार केला. वहीत लिहिलं, मुलगी. मग वर न बघता म्हणाली, "आजीला फार जड गेलं असेल."

आजी म्हणाली. सोळा वर्षांत पहिल्यांदा, आणि सहज. तिला कळलंही नाही. अकरा वर्षं मी या शब्दाची वाट पाहत होते, आई. तो ऐकला आणि मला तुझ्यासाठी एवढं वाईट वाटलं की मी तिला म्हटलं, नाही, तू तिला आईच म्हण.

मार्लेनी